डोळे मिटण्याआधीचा तास

'मॅडम, त्या अवस्थेत मी काही भलतंच बोलून गेलो तर?'

संमोहनोपचारासाठी फोन करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. दुसरा ठरलेला, 'आणि परत जागच आली नाही तर?' बायकांचा एक तिसराही असतो. तो जरा आवाज खाली करून येतो, 'बरोबर कुणाला आत बसू द्याल ना?' डोंबिवलीत प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मला या प्रश्नांचं हसू यायचं. आता येत नाही. तिन्ही प्रश्नांचा अर्थ एकच आहे : तुमच्यासमोर मी डोळे मिटायचे, तर तुम्ही कोण आहात ते आधी कळू द्या. प्रश्न अगदी रास्त आहे. उपचाराची सुरुवातही तिथूनच होते.

ही भीती आली कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, आमच्या डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर... संमोहनाचे जाहीर प्रयोग अशाच रंगमंचांवर आपण पाहत आलो. कुणी कांदा सफरचंद समजून खातो, कुणी खुर्चीवर बसून न दिसणारी मोटारसायकल चालवतो, प्रेक्षक पोट धरून हसतात. प्रयोगाचं तंत्र साधं आहे. आधी सगळ्यांना हात गुंफायला सांगून 'आता सुटणार नाहीत' अशी सूचना द्यायची. ज्यांचे खरोखरच सुटत नाहीत त्यांना मंचावर बोलवायचं. म्हणजे पाचशे माणसांतून सूचनेला चटकन प्रतिसाद देणारी आणि चारचौघांत वर यायला तयार असणारी दहा-बारा माणसं आपोआप निवडली जातात. मग जादू होणारच. करमणूक म्हणून माझी त्याला हरकत नाही. फक्त त्या दोन तासांत प्रेक्षक एक गोष्ट घरी घेऊन जातो : ताकद संमोहन करणाऱ्याची आणि समोरचा त्याच्या हातातलं बाहुलं. हे डोक्यातून काढायला आम्हाला पुढे किती तास घालवावे लागतात ते विचारू नका.

प्रत्यक्षात संमोहन म्हणजे झोप नाही. लक्ष एका गोष्टीवर एकवटणं, बाकीच्याचा आवाज आपोआप कमी होणं आणि त्या स्थितीत दिलेल्या सूचनेला मन व शरीराने एरवीपेक्षा सहज प्रतिसाद देणं, इतकंच. मोबाइलवर मालिका पाहता पाहता आपलं स्टेशन निघून गेलंय, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला या अवस्थेची चव ठाऊक आहे. माझ्या खोलीत संमोहित अवस्थेतल्या माणसाला शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते, खालच्या भाजीवाल्याची हाक ऐकू येते. नको ते बोलायचं नसेल तर तो बोलत नाही. उठून जायचं असेल तर उठून जातो. सगळ्यांना ही अवस्था सारखी साधते असंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झनहॉफर आणि हिलगार्ड यांनी 1959 साली संमोहनक्षमता मोजण्याची पट्टी तयार केली. तेव्हापासूनचा अनुभव असा की थोडी माणसं फार सहज प्रतिसाद देतात, थोडी जवळजवळ देत नाहीत आणि आपण बहुतेक जण मधे कुठेतरी असतो. हा सगळा कल्पनेचा खेळ आहे म्हणणाऱ्यांसाठी 1997 सालचा एक प्रयोग सांगते. पियेर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना गरम पाण्यात हात बुडवायला लावून संमोहनात 'वेदनेचा त्रास कमी वाटेल' किंवा 'जास्त वाटेल' अशा सूचना दिल्या. पाणी तेवढंच गरम होतं, पण वेदनेच्या नकोसेपणाशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागातली हालचाल सूचनेप्रमाणे बदलली.

ताकद समोरच्याची असते, हे पहिल्यांदा ठामपणे सांगणारा माणूस आपल्या शेजारचा होता. गोव्यातल्या कांदोळीला 1756 साली जन्मलेला आबे फारिया. त्या काळी युरोपात मेस्मरचा बोलबाला होता. त्याच्या म्हणण्यानुसार उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रोग्याकडे वाहतो. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने 1784 मध्ये असा प्रवाह नसल्याचा निर्वाळा दिला, समितीत बेंजामिन फ्रँकलिनही होते. प्रवाह नाही, तर मग माणसांना गुण येतो कशाने? फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिकं घेतली आणि उत्तर दिलं : माझ्यातून काही वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या एकाग्रतेतून, त्याच्या विश्वासातून आणि अपेक्षेतून घडतं. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा मात्र त्याची रंगभूमीवर टिंगल झाली, 1819 मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. पुढे नान्सीच्या डॉक्टरांनी त्याचा विचार उचलून धरला.

फारियाची एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि घाबरून त्याची दातखीळ बसली. खाली बसलेल्या बापाने हळूच कोकणीत सांगितलं की ही सगळी भाजी आहे, काप! पोराची भीती पळाली आणि प्रवचन सुरू झालं. गोष्ट खरी की रचलेली ते बाजूला ठेवू. मला त्यात रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. सूचना चार शब्दांची होती, पण ती स्वतःच्या भाषेत आली, ओळखीच्या आवाजात आली आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याच्याकडून आली. पणजीत फारियाचा पुतळा आहे, संमोहित स्त्रीपुढे हात पसरून उभा. जाणाऱ्या पर्यटकांना तो जादूगारच वाटत असावा. पुतळ्याकडे पाहून त्याचा सिद्धान्त बरोबर उलटा होता हे कळायला मार्ग नाही.

आता माझ्याकडच्या एका गृहस्थांची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहिण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, राहायला डोंबिवली पश्चिमेला, नोकरी फोर्टात, हिशेब विभागात. दुखणं पोटाचं, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. म्हणजे आतड्याला जखम नाही, गाठ नाही, तपासण्या स्वच्छ, पण कळ येते आणि आली की ताबडतोब जावं लागतं. घरात हे निभतं. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं. फास्ट गाडी डोंबिवलीहून सुटली की बहुतेक वेळा थेट ठाणं. ती वीस-एक मिनिटं ते रोज मरत होते. गर्दीत दाराशी पोहोचणं कठीण, पोहोचलं तरी उपयोग काय? फास्ट सोडून ते स्लो धरू लागले, सकाळचा चहा सोडला, मग नाश्ता सोडला. कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह कोणत्या टोकाला आहे, किती वाजता बंद असतं, हे त्यांना पाठ होतं. ऑफिसात लेट मार्क साचले. बायकोला वाटायचं, कामाचा कंटाळा आलाय. 'मला पोटाने नोकरी सोडायला लावली तर पोरीच्या कॉलेजचं काय?' हे वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत तीनदा उच्चारलं.

माझ्याकडे येण्याआधी ते एका 'हिप्नोटिस्ट'कडे जाऊन आले होते. दहा सत्रांचं पॅकेज, पैसे आगाऊ. पहिल्याच सत्रात, ओळख धड झालेली नसताना, त्यांना आडवं करून 'मागे जा, आणखी मागे जा' सुरू झालं. तिसऱ्या सत्रात निदान झालं की मागच्या जन्मी यांना अन्नातून विष दिलं होतं. गृहस्थ हिशेबातले, त्यांना ते पटलं नाही. पण मनात कुठेतरी अडकून राहिलं आणि बायकोच्या हातचं जेवताना विचित्र वाटू लागलं. उरलेल्या सात सत्रांचे पैसे बुडाले ते वेगळंच.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. संमोहनात आठवणी 'सापडत' नाहीत. स्मरणशक्ती काही कपाटात ठेवलेली चित्रफीत नव्हे. आठवताना आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो आणि संमोहनात कल्पना अधिक ठळक होत असल्याने जुळवाजुळव खरीच वाटते. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं की साध्या सूचनांनीही माणसाच्या मनात कधीच न घडलेल्या प्रसंगाची आठवण रुजवता येते. तेव्हा गतजन्म, विसरलेला अत्याचार, कुणी केलेली करणी असलं काही 'बाहेर काढून' देणाऱ्याच्या खोलीतून उठून यावं. उद्ध्वस्त नाती मी पाहिली आहेत.

तर हे गृहस्थ. पहिल्या भेटीत मी त्यांना डोळे मिटायला सांगितलंच नाही. ते थोडे नाराज झाले असावेत. वजन उतरलंय का, शौचातून रक्त जातं का, रात्री झोपेतून कळेने उठावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे विचारलं. पोटविकारतज्ज्ञांचे कागद नीट पाहिले. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं असतं तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. दुखणं दाबून टाकणारं संमोहन हे गंभीर आजार लपवणारं संमोहन ठरू शकतं. मग वर सांगितलेलं झोप-बीप नसण्याचं सगळं सांगितलं. आणि एक खूण ठरवली : नको वाटलं तर उजव्या हाताचं बोट उचलायचं, कारण सांगायची गरज नाही, मी त्या क्षणी थांबेन. दुसऱ्या सत्रात ते बोट त्यांनी दोनदा उचललं. मला वाटतं, मी खरंच थांबते का ते पाहत होते. मी थांबले. तिसऱ्या सत्रापासून बोट उचलावं लागलं नाही.

आयबीएससाठी संमोहन ही हवेतली गोष्ट नाही. मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्होरवेल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या 30 रुग्णांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. संमोहन मिळालेल्यांना बोलण्याचे उपचार आणि खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आराम पडला. नंतर बरीच संशोधनं झाली. वर्षभर औषधं घेऊनही आराम नसेल तर संमोहनासह मानसोपचारांचा विचार करावा, असं ब्रिटनची 'नाइस' ही संस्था आज सांगते. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत दुहेरी निरोपानिरोपी चालू असते. या आजारात आतड्याचे साधे निरोपही मेंदूकडे धोक्याची घंटा म्हणून पोहोचतात. संमोहनात त्या घंटेचा आवाज कमी करण्याचा सराव होतो. उलट सिगारेट सोडवण्यासाठी संमोहनाचा डांगोरा खूप पिटला जातो, पण इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळालेला नाही. ज्याचा पुरावा आहे तेवढंच सांगावं.

पुस्तकातल्या पद्धतीत आतड्याला नदीची उपमा देतात, संथ वाहणारी नदी. मी तीच देणार होते. सवयीने विचारलं, 'तुम्हाला शांत, एका लयीत चाललेलं काय डोळ्यांसमोर येतं?' ते म्हणाले, 'कळव्याच्या कारशेडमध्ये शिरणारी रिकामी लोकल. घाई नाही, कुणी ढकलत नाही, मोटरमन सावकाश आत घेतोय.' बावीस वर्षं लोकलने जाणाऱ्या माणसाने शांततेची कल्पना विचारल्यावर लोकलच सांगावी! पण ती त्यांची होती. पुढच्या सगळ्या सूचना त्या गाडीवर बांधल्या. हँडल त्यांच्या हातात, सिग्नल त्यांचा, वेग त्यांनी ठरवायचा. ध्वनिमुद्रण करून दिलं आणि रोज रात्री ऐकायला सांगितलं.

'सवयीने विचारलं' म्हणाले खरं, पण ही सवय फुकटात लागलेली नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट. कल्याणहून एक ताई झोप येत नाही म्हणून यायच्या. मी पाठ केलेली संहिता सुरू केली : तुम्ही नदीकाठी बसला आहात, पाणी हळूहळू जवळ येतंय, पावलांना स्पर्श करतंय... त्यांचा श्वास वाढला, चेहरा पांढरा पडला, डोळे उघडून त्या ताडकन उठल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. 26 जुलै 2005 च्या रात्री वालधुनीचं पाणी त्यांच्या तळमजल्याच्या घरात शिरलं होतं. दोन लहान मुलांना माळ्यावर बसवून त्या रात्रभर कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. झोप तेव्हापासून उडाली होती. मी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी फोन केला. 'चूक माझी झाली. तुम्हाला काय वाटेल हे न विचारता मी पाणी आणलं,' एवढंच बोलले. पलीकडे बराच वेळ शांतता. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टर लोक चुकलो म्हणत नाहीत, म्हणून आले.' मी डॉक्टर नाही, हेही मग सांगावं लागलं. पुढे आम्ही दोघींनी मिळून जागा शोधली : मुरबाडकडच्या मामाच्या घराची उंच पडवी, दुपारची वेळ, सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज. त्या पडवीत त्यांना झोप येऊ लागली. दर पावसाळ्यात पुन्हा थोडी उडते, तेव्हा फोन येतो.

उपचार करणारा आणि घेणारा यांचं जुळणं आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध संशोधकांनी मोजलेला आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात 295 अभ्यास एकत्र केले होते. पद्धत कुठलीही असो, जिथे नातं चांगलं जुळलं तिथे गुण जास्त आला. संबंध मध्यम ताकदीचा आहे, सगळं श्रेय नात्याला नाही. पण तो वेगवेगळ्या उपचारपद्धतींत पुन्हा पुन्हा दिसतो. आणि नातं म्हणजे गोड बोलणं नव्हे. काय साधायचं, कसं साधायचं याबद्दल दोघांचं एकमत आणि त्यावर उभा राहिलेला विश्वास, असं एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्येच मांडून ठेवलं होतं.

आपल्याकडे हे नातं चार भिंतींत राहत नाही, ही आणखी एक गंमत. डोंबिवलीत कोण कुठे भेटेल सांगता येत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सारं गाव लोटतं. त्यात माझ्याकडे येणारी चार-पाच माणसं दिसतातच. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, 'रस्त्यात भेटलात तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मीही हसेन.' एका आजींना याचा राग आला होता. गणपतीच्या देवळापाशी मी बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून! कारण समजल्यावर म्हणाल्या, 'असं होय. मला वाटलं फी थकली म्हणून.'

घरच्यांचं प्रकरण याहून नाजूक. सून आत असते, सासूबाई बाहेर बाकावर. दार उघडल्याबरोबर विचारतात, 'काय बोलली हो?' त्यांचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि कायदा नसता तरी तो असायला हवा होता. कुणी सोबतीला आत बसावं की नाही, हेही उपचार घेणाऱ्यानेच ठरवायचं. स्पर्श न करता संमोहन व्यवस्थित होतं, हे बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. रात्री साडेअकराला येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना मी सकाळी उत्तर देते. सुरुवातीला ताबडतोब द्यायचे. त्याने माणसं बरी झाली नाहीत, माझ्यावर अवलंबून राहिली.

कायद्याचं विचाराल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2003 च्या आदेशात संमोहनोपचाराला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता आहे, पण ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी असं त्यात म्हटलं आहे. योग्य प्रशिक्षण म्हणजे शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र नव्हे. मूळ पात्रता विचारा : मानसोपचारतज्ज्ञ आहात का, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहात का, की आणखी काही? अमुक सत्रांत शंभर टक्के गुण, अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. भास होत असतील, संशयाचं वेड असेल तर संमोहन नकोच; आयुष्य संपवावंसं वाटत असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा किंवा सरकारच्या टेलिमानसला 14416 वर फोन करावा.

आमच्या भागात यात एक जुना अडसर होता. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. 'याला ठाण्याला पाठवायला पाहिजे' हा विनोद कल्याण-डोंबिवलीत कित्येक पिढ्या केला गेला आणि त्या विनोदाने कित्येकांना दार ठोठावू दिलं नाही. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्याबद्दल साध्या मराठीत, चारचौघांत बोलणं सुरू झालं. त्याचा फायदा आम्हा सगळ्यांनाच मिळाला. आता लोक फोनवर निदान प्रश्न तरी विचारतात.

फोर्टातल्या गृहस्थांची बारा सत्रं झाली. पोट पूर्ण बरं झालेलं नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस वाईट जातात, आणि मार्चअखेरीस तर हमखास. पण सकाळचा चहा सुरू झाला आहे. शेवटच्या सत्राला बायको बरोबर आली होती, त्यांच्याच इच्छेने. तिने विचारलं, 'हे रात्री कानात काय ऐकतात? मला म्हणतात, कारशेडला जाऊन येतो.' परवा त्यांचा संदेश आला. फास्ट पकडली होती, उभं राहून गेले, दिव्याच्या पुढे गाडी सिग्नलला पंचवीस मिनिटं अडकली. खाली लिहिलं होतं, 'सिग्नल रेल्वेचा होता, माझा नाही.'